मुरवणीच्या काठावरचा शंख

मित्रांनो, मी एक वजन आहे. ताडपत्री वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्या कोपऱ्यावर दगड ठेवतात ना, तसलं. काळा, ताटलीएवढा आणि गुंडाळून ठेवलेल्या दोरासारखा गोल गोल वळत आत गेलेला. वजन होण्याआधी मी एका खडकाच्या पोटात होतो आणि त्याच्याही आधी जिवंत होतो. ती जिवंतपणाची गोष्ट आधी सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं तुम्हाला कळायचं नाही. मध्येच उठून जाऊ नका. मला बोलायला फार वेळ उरलाय असं दिसत नाही. का, ते ओघात येईलच.

ज्युरासिक नावाचा एक लांबलचक काळ होऊन गेला. अभ्यास करणाऱ्यांनी त्याचे तुकडे पाडून एकेकाला नाव दिलंय. माझ्या तुकड्याचं नाव टोआर्सियन. जिवंतपणी मला ते ठाऊक नव्हतं. आज मंगळवार आहे हे माशाला कुठे ठाऊक असतं!

मी अमोनाइट. नाव ऐकून दबकू नका. गोगलगाईसारखं वळणदार कवच आणि त्याच्या तोंडातून बाहेर आलेले माकुळासारखे हात, एवढाच मी. माझ्या कवचात ओळीनं खोल्या होत्या. सगळ्यात बाहेरच्या खोलीत मी राहायचो, मागच्या जुन्या खोल्या बंद करून त्यांत हवा भरलेली असायची. त्या हवेच्या जोरावर मी तरंगायचो. समुद्र तेव्हा कोमट होता आणि गजबजलेला होता. सुसरीसारख्या लांब जबड्याचे प्राणी होते, त्यांना मी दुरूनच नमस्कार करी. बेलेम्नाइट नावाची माझी आतेभावंडं होती, ती सदान्‌कदा घाईत. वाहत आलेल्या ओंडक्यांना फुलांसारखे दिसणारे प्राणी उलटे लटकलेले असत. आणि इक्थिओसॉर होते, माशासारख्या अंगाचे, पण श्वास घ्यायला वर येणारे. त्यांतली एक मादी रोज आमच्या वरून जायची. तिचे डोळे माझ्या सबंध कवचाएवढे होते. इतक्या मोठ्या डोळ्यांना सगळं दिसत असेल, असं मला वाटायचं.

मग पाणी तापू लागलं. फार दूर कुठेतरी पृथ्वी धुमसत होती म्हणे. नद्यांनी चिखल आणला, त्याच्यावर वरच्या पाण्यात हिरवं शेवाळ मातलं. ते मरायचं, खाली पडायचं, सडायचं, आणि सडताना पाण्यातला श्वास ओढून घ्यायचं. आम्ही वरचे. आम्हाला त्याचं काय? खायला मुबलक होतं.

पहिल्यांदा तळ गप्प झाला. चिखलात वळवळणारे किडे थांबले. शिंपले उघडे पडले ते उघडेच राहिले. पूर्वी तळाचा चिखल कोणी ना कोणी सतत विस्कटत असे. आता तो सतरंज्यांच्या घडीसारखा थरावर थर नीट बसू लागला. किती नीटनेटका दिसायचा! खालचं पाणी इतकं नितळ आणि शांत मी कधी पाहिलं नव्हतं. मला ते आवडलं होतं, हे सांगायची आज लाज वाटते.

मरणाची हद्द हळूहळू वर सरकत होती, पण तिला रंग नव्हता. खाली एखादा मासा पडलेला दिसे. खाणारं कोणी नाही, आयतं ताट वाढलेलं. एक आतेभाऊ खाली गेला आणि त्याच्यावरच आडवा झाला. त्या दोघांना खायला दुसरा गेला. मग तिसरा. वरून बघताना वाटायचं, खाली पंगत बसलीय आणि आपल्यालाच बोलावणं नाही. एके दिवशी ती मोठ्या डोळ्यांची मादीही त्या पंगतीकडे झेपावली आणि परत वर आलीच नाही. तिच्या पोटात पिल्लं होती. तेव्हा मला समजायला हवं होतं. पण भूक लागली होती, आणि पाणी तर स्वच्छ दिसत होतं. मी उतरलो.

दुखलं नाही, मित्रांनो. हात जड झाले, पाणी गार लागलं, आणि आपण आता थोडं पडून राहावं असं वाटलं. एवढंच. माझ्यावर चिखलाचा पुढचा थर अलगद येऊन बसला. माझ्या ज्या खोल्यांत हवा होती, तिथे कालांतरानं सोन्यासारखे चकचकणारे बारीक खडे धरले. ते सोनं नव्हे. लोखंड आणि गंधक यांचं ते लग्न. ज्या पाण्यात श्वास नसतो तिथेच ते लागतं.

त्यानंतरच्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. अंधार होता आणि वजन होतं.

मग उजेड झाला आणि कोणीतरी मोठ्यानं हसलं.

हसणारा तो धाकटा. त्या खाणीत दोन भाऊ काम करायचे, थोरला आणि धाकटा. खाण त्यांच्या वडिलांनी धरलेली, काळ्या दगडाची. हा दगड कागदासारखा पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटतो. कडेला पातळ छिन्नी लावायची, हातोडीनं हलकेच टोकायचं, की अख्खी लादी अलग. तळाचा चिखल विस्कटणारं कोणी उरलं नव्हतं म्हणून तो असा सुटतो, हे त्यांना माहीत नव्हतं. आमच्या मरणावर त्यांची चूल पेटत होती. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कोणाच्या तरी उपयोगी पडलो.

"दादा, हे बघ काय निघालं!" धाकटा ओरडला. "दगडाला चक्कर आलीय!"

थोरल्यानं मान वर न करता विचारलं, "लादी फुटली का?"

"लादी गेली. पण हा चक्रम आला."

त्या दिवसापासून माझं नाव चक्रम पडलं. धाकट्यानं मला कडेनं घडवून मोकळं केलं आणि तेलाच्या बोटानं पुसलं. कामावर येताना तो मला 'काय चक्रम, झोप झाली का?' असं विचारायचा. एवढ्या वर्षांत माझी झोप विचारणारा तो पहिलाच. मला तो फार आवडायचा.

खाणीच्या कोपऱ्यात एक जुना खड्डा होता, चांगला तीन पुरुष खोल. त्याला ते मुरवण म्हणत. ताजा दगड उन्हात सुकला की वेडावाकडा तडकतो, म्हणून कापलेले ठोकळे त्या ओलसर खड्ड्यात मुरत ठेवायचे आणि लागतील तसे वर काढायचे. खड्ड्यावर फळ्या, फळ्यांवर ओलं गोणपाट. आत जायला लाकडी शिडी. आणि उतरायची एक रीत होती. म्हातारे वडील होते तोवर ते दोराला कंदील बांधून आधी तो खाली सोडत, आणि तळाशी तो नीट जळताना दिसला तरच माणूस उतरे. "खाली उजेड तगला, तर उतरा," हे त्यांचं वाक्य. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनाही त्यांच्या वडिलांनी सांगितलं नसावं.

म्हातारे गेले. रीत मात्र मुलांनी सोडली नाही. त्यांना बोल लावू नका. बापाचा शब्द त्यांच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ होता. फक्त कंदिलाच्या जागी बॅटरी आली. धाकट्यानंच ती आणली, पाण्यातही चालणारी, झगझगीत. तो ती दोराला बांधून मुरवणीत सोडायचा, वाकून बघायचा, आणि खालचा कोपरा न्‌ कोपरा दिसला की म्हणायचा, "तगला उजेड!" आणि उतरायचा.

कंदील शेडमधल्या खिळ्याला लटकत राहिला. थोरल्याची बायको, सगळे तिला वहिनी म्हणत, ती अधूनमधून त्याची काच पुसायची.

"वहिनी, अगं तो आता भंगारात दे," धाकटा चिडवायचा. "नाहीतर त्याला चक्रमशेजारी बसव. दोघं म्हातारे गप्पा मारतील."

"असू द्या, भाऊजी. मामंजींचा हात लागलाय त्याला."

एकदा दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई खाण बघायला आल्या. माझं खरं नाव, माझा काळ, माझ्या समुद्राचं काय झालं, हे सगळं त्यांनी त्या दिवशी दोघा भावांना समजावून सांगितलं. मीही तेव्हाच ऐकलं. जाता जाता त्यांनी मला उचलून नखानं खरवडलं.

"याला ओलीत ठेवू नका हं," त्या म्हणाल्या. "आत सोनेरी खडे आहेत ना, ते ओल लागली की हवा खातात. मग हा पिवळा पडेल आणि पिठासारखा झडेल."

"दगड हवा खातो?" धाकटा हसून म्हणाला. "बरं आहे, डबा आणायला नको."

सगळे हसले. बाईही हसल्या. ज्या दगडात ते खडे ठासून भरलेत, तोच ओला दगड आपण झाकणाखाली कोंडून ठेवतो, हे कोणाच्याच मनात आलं नाही. बाईंनी मुरवण पाहिली नव्हती. भावांनी ती रोज पाहिली होती, म्हणून त्यांना ती दिसत नव्हती. मी ऐकलं आणि माझ्या खोल्यांमधून काहीतरी गार सरकलं. पण वजनाला कोण विचारतो?

पुढे थोरल्याचा पाय मोडला. ठोकळा सरकला आणि नडगीवर आला. काम थांबलं. मुरवणीत चांगले ठोकळे पडलेले, ते सुकू नयेत म्हणून धाकट्यानं गोणपाटाऐवजी नवी कोरी प्लास्टिकची ताडपत्री आणली. धाकट्याचं काम म्हणजे चोख! सगळ्या कडा मातीनं लिंपल्या आणि चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली. वाऱ्याच्या बाजूचा कोपरा माझ्याकडे आला.

"चक्रम, नीट धरून बस," तो म्हणाला. "मुंगीसुद्धा आत जाता कामा नये."

मी धरून बसलो. पावसाळा गेला. माझ्याखाली काय चाललंय ते मला कळत होतं, कारण तेच थोडंथोडं माझ्या आतही चाललं होतं. खाली ओला काळा दगड जागा झाला होता. एके काळी श्वासावाचून मेलेला तो समुद्र, त्याला आता श्वास सापडला होता, आणि झाकणाखालचा होता नव्हता तेवढा तो खात होता. अंगणात भांडी वाजत, पाखरं येऊन ताडपत्रीवर बसत. मुरवण मात्र गप्प. ती गप्पपणाची जात मी ओळखत होतो.

थोरल्याचा पाय सावरला, आणि एका दवाखान्याच्या फरशीचं काम चालून आलं. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं-बोलणं सुरू झालं. सकाळी धाकटा शीळ घालत आला. मला उचलून त्यानं कठड्यावर ठेवलं, ताडपत्री सोडवली, फळ्या बाजूला केल्या. थोरला शेजारी छिन्नीला धार लावत बसला होता. वहिनी चहा घेऊन आली होती.

धाकट्यानं दोराला बॅटरी बांधून खाली सोडली. वाकून पाहिलं. मीही पाहिलं. तळ लख्ख दिसत होता, ठोकळ्यांची रास, त्यांच्यावरची पिवळी बुरशीसारखी भुकटी, शिडीचा पाया. सगळं नितळ, शांत. माझ्या शेवटच्या दिवशी दिसलं होतं, अगदी तसं.

"तगला उजेड!" तो म्हणाला. "वहिनी, चहा झाकून ठेव. हा आलोच."

मित्रांनो, तोंड असतं तर मी त्या क्षणी ओरडलो असतो. तोंड नाही, याचं दुःख मला दगड झाल्यापासून एकदाच झालं.

तो उतरला. शिडी करकरली. अर्ध्यावर गेल्यावर तो म्हणाला, "दादा, इथं गार..." आणि काहीतरी मऊ पडल्याचा आवाज आला.

"काय रे, घसरलास का?" थोरला छिन्नी ठेवून उठला. त्यानं वाकून पाहिलं. बॅटरी झगझगीत जळत होती आणि तिच्या उजेडात धाकटा ठोकळ्यांवर पालथा पडला होता.

"डोकं आपटलं वाटतं त्याचं! थांब, आलो!" थोरल्याचा एक पाय शिडीवर गेलासुद्धा.

वहिनीनं चहाचं भांडं टाकलं आणि मागून त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली.

"थांबा."

"सोड, वेडी झालीस का? तो पडलाय खाली!"

"भाऊजींचा पाय घसरला नाही. मी बघत होते. ते बसल्यासारखे पडले. आधी दिवा."

"दिवा? हा एवढा दिवा जळतोय, दिसत नाही तुला?"

"हा नाही. मामंजींचा. अहो, मी पाया पडते, कंदील येईपर्यंत उतरू नका." आणि त्याचा भरवसा न वाटून तिनं शिडीच ओढली. कुठून बळ आलं कोण जाणे, ती जड शिडी तिनं एकटीनं वर ओढून बाजूला फेकली. थोरला तिच्यावर धावून गेला. त्यानं हात उगारला, आणि तो तसाच राहिला, कारण ती कंदिलाकडे पळाली होती.

तिच्या हातून काडी पेटेना. पेटली. कंदील दोरावरून खाली गेला. अर्ध्या वाटेवर, जिथं धाकट्याचं वाक्य तुटलं होतं तिथं, ज्योत लहान झाली, पिवळ्याची निळसर झाली आणि विझली. विझलेल्या कंदिलाखाली बॅटरी तशीच झगमगत होती.

मग थोरल्याला सुचलं. दगड फोडायच्या यंत्राला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर शेडमध्ये होता. त्यानं तो सुरू केला, नळी ओढत आणून मुरवणीत सोडली. हवा खाली घुसू लागली, पिवळी भुकटी उडाली. वहिनी कंदील वर घ्यायची, पेटवायची, सोडायची. विझायचा. पुन्हा वर. पुन्हा पेटवायचा. आपला माणूस डोळ्यांसमोर पडलेला असताना ज्योतीकडे बघत थांबायचं, यापेक्षा कठीण काम मी जमिनीवर पाहिलं नाही.

शेवटी कंदील तळापर्यंत जळत गेला. थोरला उतरला आणि भावाला खांद्यावर घेऊन वर आला. फार उशीर झाला होता. वहिनीनं झाकून ठेवायचा चहा जमिनीवर सांडून वाळला होता.

बॅटरी कोणी बंद केली नाही. ती खाली तशीच जळत राहिली, आपोआप संपेपर्यंत.

त्या बाई पुन्हा आल्या आणि त्यांनी दगडाची भूक नीट समजावून सांगितली. सांगताना त्या रडत होत्या. थोरल्यानं ऐकून घेतलं, मग मला उचलून ऐरणीवर ठेवलं आणि घण उगारला.

"हा एकटा नाही हो," बाई म्हणाल्या. "सगळी खाणच तशी आहे."

खरं होतं. मित्रांनो, धाकट्याच्या वाट्याची हवा आम्हीच खाल्ली. आम्ही, म्हणजे माझा अख्खा समुद्र. आम्हाला कळत नव्हतं, पण आम्हीच. थोरल्यानं घण खाली ठेवला. मी फुटलो असतो तर मला वाईट वाटलं नसतं.

आसपासचे लोक वहिनीबद्दल म्हणाले, बाई कठोर काळजाची. दीर मरताना बघत उभी राहिली. थोरला तसं म्हणाला नाही, पण बोलतही नव्हता. ताट वाढलं की जेवायचा. एकदाच तो म्हणाला, "मी एका दमात जाऊन आलो असतो." वहिनी कंदिलाची काच पुसत होती, पुसून झालेली काच पुन्हा पुसत होती. मला समुद्रातली ती पंगत आठवायची, एकावर एक आडवे झालेले. इथे दुसरा आडवा झाला नाही, तो हिच्यामुळे. पण न झालेलं मरण कोणाला दिसत नाही. झालेलं तेवढं दिसतं.

दवाखान्याचं काम दुसरीकडे गेलं. मुरवण उघडी पडून राहिली, मग झाकली, आता पुन्हा गोणपाटानं. पोट कोणाला चुकलंय? एका सकाळी ठोकळे काढायची वेळ आलीच.

थोरल्यानं मला कोपऱ्यावरून उचललं. माझ्या अंगाची पिवळी भुकटी त्याच्या हाताला लागली, ती त्यानं पाहिली आणि मला हळू खाली ठेवलं. फळ्या काढल्या. किती तरी वेळ तो काठावर उभा होता. मग शेडकडे तोंड करून म्हणाला, "दिवा आण."

वहिनी कंदील घेऊन आली आणि त्याच्यापुढे धरला. त्यानं तो घेतला नाही.

"तूच सोड."

तिनं सोडला. तळाजवळ ज्योत आकसली.

"उतरू?" त्यानं विचारलं.

"नाही."

तो खाली बसला. कॉम्प्रेसर सुरू झाला. दोघं काठावर बसून राहिली, एकमेकांकडे न बघता. तिनं पुन्हा कंदील सोडला. ज्योत तळाशी सरळ, पिवळी, स्थिर उभी राहिली. ती तरीही बराच वेळ बघत राहिली आणि तो तिच्याकडे बघत राहिला.

"आता?"

"कंबरेला दोर बांधा."

त्यानं बांधला. गाठ ओढून पाहिली. मग दोराचं दुसरं टोक, ज्या हातानं तिनं त्याची कॉलर धरली होती त्याच हातात त्यानं दिलं आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटवली. आणि तो उतरला.

मित्रांनो, मी आता झडत चाललोय. बाहेरची वळणं गेली, आतली उरलीत. अशा गोष्टींच्या शेवटी बोलणारा म्हणतो, माझी काळजी घ्या. माझी घेऊ नका. मी पीठ होऊन उडून गेलो तर कोणाचं काही अडणार नाही. माझी विनंती वेगळी आहे. आमच्या समुद्रात आधी दिवा सोडून बघणारं कोणी नव्हतं. पाणी नितळ दिसलं आणि आम्ही एकामागून एक उतरत गेलो. तुमच्या घरात असं कोणीतरी असेल. ती 'थांबा' म्हणेल, तेव्हा खालचं सगळं तुम्हाला लख्ख दिसत असेल आणि तिचा राग येईल. राग येऊ द्या. पण थांबा.